कर्ज फिटत नसताना सल्ल्याचे पैसे कधी द्यावेत आणि कधी देऊ नयेत

पारोळा तालुक्यातील एक शेतकरी जोडपे दिवाळीनंतर माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्याजवळ कापड दुकानाची एक पिशवी होती आणि घरातील सगळ्या कर्जांचे कागद तिच्यात कोंबलेले होते. ट्रॅक्टरच्या फायनान्स कंपनीची नोटीस, पतसंस्थेचे पासबुक, ताईंच्या गटाच्या कर्जाचे हप्ता कार्ड, सोनेतारणाच्या दोन पावत्या आणि या सगळ्यांच्या वर वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेली 11,000 रुपयांची पोच. येत्या लोकअदालतीत ‘नंबर लावून देतो’ म्हणून एका एजंटाने ती रक्कम घेतली होती. लोकअदालतीत प्रकरण ठेवण्यास एक रुपयाही शुल्क लागत नाही. उलट ट्रॅक्टर कंपनीची जी नोटीस आली होती, ती धनादेश न वटल्याची होती. ती वकिलाला दाखवून तिच्यावर पैसे खर्च करणे खरोखर गरजेचे होते, पण तिची 15 दिवसांची मुदत पिशवीतच संपून गेली होती.

बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला ही उलटापालट नवी नाही. जे काम फुकट होते त्यासाठी लोक पैसे मोजतात आणि जिथे जाणकार माणसाला फी देऊन उभे करायला हवे तिथे ‘पाहू पुढे’ म्हणून थांबतात. त्यामुळे मदत मोफत घ्यावी की पैसे देऊन, या प्रश्नाचे उत्तर मदत देणाऱ्याच्या पाटीवरून ठरत नाही. आपले कर्ज कोणत्या प्रकारचे आहे आणि ते कोणत्या टप्प्यावर पोहोचले आहे, यावरून ते ठरते. म्हणून कोणाकडेही जाण्यापूर्वी पहिले काम घरातच करायचे असते.

आधी कागद, मग माणूस

एक संध्याकाळ काढावी, घरातील सर्व कर्जदार आणि जामीनदार एकत्र बसावेत आणि एका कागदावर प्रत्येक कर्जासाठी एक ओळ लिहावी: कोणाकडून घेतले, किती घेतले, आज किती बाकी आहे, व्याज किती, हप्ता किती आणि कधीचा, तारण काय, जामीन कोण, शेवटचा हप्ता कधी भरला आणि नोटीस आली असल्यास तिची तारीख कोणती. बाकीचा आकडा अंदाजाने लिहू नये, शाखेतून खाते उतारा मागून घ्यावा. उताऱ्यात दंडाची रक्कम वेगळी दिसते का, हेही तपासावे, कारण रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार हप्ता चुकल्याबद्दल दंड आकारता येतो, मात्र तो दंडव्याज म्हणून लावता येत नाही आणि मुद्दलात मिसळून त्याच्यावर पुन्हा व्याजही घेता येत नाही.

आपल्या नावावर नेमकी किती खाती आहेत, हे पाहण्यासाठी सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल मोफत मिळतो. ‘सिबिल काढून देतो, 500 रुपये’ अशी पाटी बसस्थानकाजवळ दिसली, तरी तिथे मोजलेले पैसे फार तर मोबाइलवर चार बटणे दाबण्याचे आहेत, अहवालाचे नव्हेत. अहवालात न दिसणारी कर्जे मात्र हातानेच लिहावी लागतात. गावातल्या पतसंस्थेचे कर्ज त्यात नसण्याची शक्यता मोठी आहे आणि सावकाराचे, आडत दुकानातून घेतलेल्या उचलीचे किंवा नातेवाइकाकडून हातउसने घेतलेल्या पैशांचे तर नसतेच. खान्देशातल्या घरांत खरी ओढाताण पुष्कळदा याच न दिसणाऱ्या कर्जांमुळे होते, कारण तगादा लावणारा माणूस रोज समोर भेटतो आणि त्याला देण्यासाठी बँकेचा हप्ता चुकवला जातो.

मग त्या यादीतील कर्जांचे दोन भाग करावेत. ज्यांच्यामागे घर, सोने, वाहन किंवा शेत बांधलेले आहे ती एका बाजूला आणि क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, मोबाइल ॲपवरचे कर्ज, गटाचे कर्ज अशी विनातारण कर्जे दुसऱ्या बाजूला. सोनेतारणाच्या पावतीवर मुदत आणि लिलावासंबंधीच्या अटी असतात, त्या वाचून तारीख ठळक लिहावी. सराफ बाजारात नाव असलेल्या जळगावच्या परिसरात सोने हाच घराचा राखीव फंड मानला जातो. क्रेडिट कार्डाची थकबाकी फेडण्यासाठी तेच सोने आणखी गहाण टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो देणाऱ्याला त्या व्यवहारात काय मिळते, हे आधी विचारावे.

शेवटी उत्पन्नाची बाजू येते. ती महिन्यावार न लिहिता पैसा जसा येतो तशी लिहावी. कापसाचे पैसे वेचणी सुरू झाल्यापासून म्हणजे साधारण दिवाळीच्या आसपास हातात येऊ लागतात. रावेर-यावलच्या केळीबागेचे लागवडीनंतर जवळपास वर्षभराने येतात. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याचा पगार दरमहा येतो, पण पतपेढीची कपात आधीच होऊन. बँकेपुढे पुढे जो प्रस्ताव मांडायचा आहे त्याचा पाया हीच नोंद असते आणि ती कोणताही सल्लागार तुमच्याशिवाय तयार करू शकत नाही.

टप्पा ओळखणे

हप्ता अजून चुकलेला नाही पण पुढचे दोन भरता येणार नाहीत, हे दिसत असेल, तर तुमच्याजवळ सर्वाधिक पर्याय आहेत आणि त्यांपैकी एकासाठीही पैसे द्यावे लागत नाहीत. हप्ता चुकून 90 दिवस उलटले की साधारण मुदतकर्ज अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या भाषेत एनपीए, ठरते. पीककर्जाला हंगामानुसार वेगळा हिशेब लागतो. त्यानंतर शाखेचे अधिकार कमी होतात आणि फाइल वरच्या कार्यालयात किंवा वसुली विभागात जाते. नोटीस आली की तिसरा टप्पा सुरू होतो, आणि न्यायालयाचा किंवा सहकार खात्याच्या निबंधकांचा कागद आला की चौथा.

नोटिसांमध्येही फरक असतो. वसुली एजन्सीच्या लेटरहेडवर लाल अक्षरांत आलेला धमकीवजा मजकूर आणि कायद्याच्या कलमाखाली आलेली नोटीस यांना एकाच मापाने मोजू नये. पुढील तीन प्रकारचे कागद आले, तर त्याच आठवड्यात वकिलाला दाखवावेत.

पहिला, चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 खालची नोटीस: मिळाल्यापासून 15 दिवसांत धनादेशाची रक्कम भरली तर विषय तिथेच मिटतो, नाही तर फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते. हप्त्यासाठी खात्यातून आपोआप होणारी वळती न वटल्यासही दुसऱ्या एका कायद्याखाली अशीच तरतूद आहे. दुसरा, न्यायालयात न जाता तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची मुभा बँकेला देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची नोटीस: तिच्यात रक्कम भरण्यासाठी 60 दिवस मिळतात, कर्जदाराने लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते आणि पुढे बँकेने ताबा घेण्यासारखी कारवाई केल्यास 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमिनीवर हा कायदा चालत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याने लक्षात ठेवावी, कारण त्याच्या नावाने शेत जप्तीची भीती घालणारे लोक आहेत. तिसरा कागद सहकारी पतसंस्थेच्या प्रकरणातला, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खालील वसुली दाखल्याच्या सुनावणीचा. ही सुनावणी सहाय्यक किंवा उपनिबंधकांसमोर होते आणि लोक तिला जात नाहीत. वसुली दाखला निघाल्यावर त्याच्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा, तर थकीत रकमेच्या 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे हिशेबावरची हरकत फुकटात मांडण्याची जागा ती सुनावणीच असते.

मोफत मदतीची दारे, आणि त्यांच्या मर्यादा

पहिले दार कर्ज देणाऱ्याचेच आहे. शाखा व्यवस्थापकाला तोंडी विनंती करून परत येऊ नये. एक पानी अर्ज द्यावा, त्यात उत्पन्न का घटले, पुढे ते कधी आणि किती येणार आणि त्यानुसार हप्ता कसा बांधून हवा, हे लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. पगारदाराने मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची मागणी करावी. कापूस किंवा केळीवर जगणाऱ्याने मासिक हप्त्याऐवजी सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागावा. ट्रॅक्टर-ठिबकच्या कर्जांत ही सोय असते, फक्त कर्ज देताना कोणी सांगत नाही. अतिवृष्टीने किंवा दुष्काळाने पीक गेले असेल आणि शासनाने आपत्ती जाहीर केली असेल, तर पीककर्जाच्या पुनर्गठनाबाबत विचारावे. विकास सोसायटीत दरवर्षी ‘नवे-जुने’ करून, म्हणजे नव्या कर्जातून जुने फेडून, मूळ अडचण पुढे ढकलण्यापेक्षा ते बरे असते, मात्र पुनर्गठन झाल्यावर वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याज सवलत राहते की जाते, हे त्याच वेळी सचिवांकडून लेखी घ्यावे.

दुसरे दार वित्तीय साक्षरता केंद्राचे. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार अग्रणी बँका ही केंद्रे चालवतात आणि तिथला सल्ला मोफत असतो. पत्ता जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांच्या कार्यालयात मिळतो. तिथे बसणारा समुपदेशक अनेकदा निवृत्त बँक अधिकारी असतो. तो कर्जांचा क्रम लावून देतो, अर्ज कसा लिहावा ते सांगतो आणि कोणत्या योजनेत बसता ते तपासतो. तो तुमच्या वतीने न्यायालयात उभा राहू शकत नाही आणि बँकेला सूट देण्यास भाग पाडू शकत नाही. माझ्या सहकाऱ्यांना न आवडणारी एक गोष्टही इथे सांगतो: केंद्र बँकेने चालवलेले असल्यामुळे तिथला कल ‘काहीही करून भरा’ या बाजूला झुकण्याची शक्यता असते. त्यांच्याकडून माहिती पूर्ण घ्यावी, निर्णय मात्र घरी येऊन, आपली यादी समोर ठेवून करावा.

तिसरे दार, म्हणजे विधी सेवा प्राधिकरण, सर्वांत कमी ठोठावले जाते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा न्यायालयांच्या आवारात जिल्हा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुका न्यायालयांत तालुका समित्या आहेत. कलम 12 प्रमाणे कोणतीही स्त्री, मग तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातील सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे अक्कलकुवा-धडगावच्या कर्जदाराला पैसे देऊन वकील करण्यापूर्वी इथे अर्ज करण्याचा हक्क बहुतेक वेळा असतोच. 15100 या क्रमांकावर प्राथमिक माहिती मिळते. मोफत वकील मन लावून काम करत नाही, ही तक्रार मी ऐकली आहे आणि काही वेळा ती खरीही असते. तेव्हा प्राधिकरणाच्या सचिवांकडे वकील बदलून मागता येतो.

लोकअदालतही याच प्राधिकरणाची. दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तिथे ठेवता येते, कर्जदार स्वतः अर्ज करू शकतो आणि न्यायालयात चालू असलेला दावा तिथे मिटला तर भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मात्र तिथल्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील नाही. टेबलाभोवती गर्दी, मागे रांग, समोर ‘करून टाका, एवढी सूट पुन्हा मिळणार नाही’ म्हणणारा बँक प्रतिनिधी, अशा वातावरणात लोक तीन महिन्यांत सगळी रक्कम भरण्यास होकार देऊन बसतात. कापूस घरात येण्यास पाच महिने बाकी असतील, तर तो होकार देऊ नये. तडजोड न करता उठून येण्याचा पूर्ण अधिकार आहे.

चौथे दार तक्रारीचे. रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल व्यवस्थेकडे तक्रार करण्यास शुल्क नाही. अट एवढीच की आधी बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असावी आणि 30 दिवसांत समाधान झालेले नसावे. 14448 हा त्यांचा माहितीचा क्रमांक. वसुली एजंट सकाळी 8 पूर्वी किंवा सायंकाळी 7 नंतर फोन करतो, नातेवाइकांना फोन करून बदनामी करतो, चुकीचे शुल्क लावले जाते, पतअहवालातली चूक दुरुस्त होत नाही, अशा गोष्टींसाठी हा मार्ग आहे. गटाच्या म्हणजे सूक्ष्मवित्त कर्जासाठी वसुलीची वेळ सकाळी 9 ते सायंकाळी 6 इतकीच आहे. संध्याकाळी सात वाजता गल्लीत खुर्च्या टाकून बसणाऱ्या वसुलीदाराचा फोटो आणि तारीख हा चांगला पुरावा ठरतो. हप्ता कमी करा किंवा कर्ज माफ करा, हे लोकपाल सांगत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. पतसंस्थांची तक्रार लोकपालाकडे होत नाही, ती सहकार खात्याच्या निबंधकांकडे करावी लागते.

सावकाराचे कर्ज असेल, तर जिल्हा उपनिबंधक कार्यालयात जावे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली सावकाराला परवाना लागतो आणि व्याजाची कमाल मर्यादा शासन ठरवते. महिन्याला शेकडा पाच किंवा दहा असा दर कोणत्याच मर्यादेत बसत नाही. सावकारीच्या व्यवहारात लिहून घेतलेली जमीन 15 वर्षांच्या आतील असेल, तर चौकशीनंतर ती परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकांना आहे. या कामासाठीही शुल्क घेणारे मध्यस्थ गावोगावी आहेत, आणि त्यांपैकी काही जण सावकाराच्याच ओट्यावर बसलेले आढळतात.

एक प्रकारची ‘मोफत’ मदत मात्र मी या यादीत धरत नाही. ‘सगळी कर्जे एकत्र करून देतो, आमची फी शून्य’ असे सांगणारा माणूस पुष्कळदा नव्या कर्जाचा विक्री प्रतिनिधी असतो आणि त्याचे कमिशन नवे कर्ज देणारी कंपनी देते. कर्जे एकत्र करणे काही वेळा उपयोगी असतेही, पण तेव्हा नव्या कर्जाचे मुख्य तथ्य पत्रक मागावे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एकाच आकड्यात देणे कर्ज देणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो आकडा जुन्या कर्जांच्या दरांशी ताडून पाहावा.

फी देणे केव्हा योग्य

वर सांगितलेले तीन कागद आले असतील आणि तुम्ही मोफत वकिलासाठी पात्र नसाल, किंवा मोफत वकील मिळेपर्यंत मुदत संपणार असेल, तर फी द्यावी, त्यात काटकसर करू नये. व्यवसायाचे कर्ज असेल, भागीदारीतल्या सह्या असतील, जामीनदार म्हणून तुमच्यावर उतरलेले कर्ज असेल किंवा घर विकून फेडण्याचा विचार असेल, तरीही एकदा वकिलाचा आणि एकदा सनदी लेखापालाचा सल्ला फी देऊन घेणे पुढच्या नुकसानीच्या मानाने स्वस्त पडते. धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या छोट्या दालमिल मालकाने कॅश क्रेडिटचे, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचे, खाते अडचणीत आल्यावर लेखापालाशिवाय बँकेपुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

वकिलाची फी ठरवताना एक नियम माहीत असावा. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून असलेली फी ठरवता येत नाही. ‘जेवढे वाचवीन त्याचे 20 टक्के’ असे कोणी म्हणाले, तर तो एक तर वकील नाही किंवा नियम मोडतो आहे. टप्प्यानुसार ठराविक फी, तिची पावती आणि प्रत्येक तारखेला काय झाले याची माहिती, एवढे मागणे रास्त आहे.

कर्ज तडजोड करून देणाऱ्या कंपन्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्वतंत्र परवाना नाही, त्यामुळे ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द जाहिरातीत असला तरी तो रिझर्व्ह बँकेने दिलेला नसतो. बहुतेकांची पद्धत अशी असते: हप्ते भरणे थांबवा, ते पैसे बाजूला साठवा, खाते थकले की आम्ही निम्म्यात मिटवून देऊ. या पद्धतीचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, क्रेडिट कार्डावर 1,00,000 रुपये थकले आहेत आणि व्याज दरमहा 3.5 टक्के आहे. बारा महिने काहीच भरले नाही, तर व्याजावर व्याज चढून रक्कम सुमारे 1,51,000 होते, आणि विलंब शुल्क व व्याजावरचा जीएसटी अजून धरलेलाच नाही. ती निम्म्यात मिटली, तर 75,500 रुपये द्यावे लागले. कंपनीची फी मूळ रकमेच्या 15 टक्के धरली, तर 15,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 2,700. एकूण 93,200. म्हणजे वर्षभर वसुलीचे फोन ऐकून, पतअहवालात ‘सेटल्ड’, म्हणजे पूर्ण न फेडता मिटवले, असा शेरा ओढवून घेऊन आणि खटल्याचा धोका पत्करून हातात वाचले 6,800 रुपये. तेही बँकेने निम्म्यात मिटवण्यास होकार दिला तर, आणि तसा होकार देणे तिच्यावर बंधनकारक नाही.

शिवाय रिझर्व्ह बँकेच्या जून 2023 च्या तडजोडविषयक चौकटीनुसार अशा तडजोडीनंतर शेतीव्यतिरिक्तच्या कर्जांसाठी किमान 12 महिने त्या कर्जदाराला ती संस्था नवे कर्ज देऊ शकत नाही. एकरकमी तडजोड हा मार्ग वाईट नाही. नोकरी गेली, मोठे आजारपण आले आणि नातेवाइकांकडून एकरकमी पैसा उभा राहू शकतो, अशा वेळी तो योग्यच असतो. पण तोच प्रस्ताव तुम्ही स्वतः अर्ज करून मांडू शकता आणि बँकेचा वसुली विभाग त्यावर तुमच्याशी थेट बोलतो. दलालामार्फत आलात म्हणून सूट वाढवण्याचे कोणतेही कारण अधिकाऱ्याकडे नसते.

तरीही एखाद्या कंपनीची सेवा घ्यायचीच असेल, कारण फोन आणि पत्रव्यवहार झेपत नाही, तर करार मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नये. फी मूळ रकमेवर आहे की वाचलेल्या रकमेवर, तडजोड झाली नाही तर किती परत मिळेल, मध्येच बाहेर पडल्यास काय, खटला झाला तर वकिलाचा खर्च कोण करणार आणि साठवलेले पैसे कोणाच्या खात्यात राहणार, ही उत्तरे लेखी हवीत. पैसे स्वतःच्या खात्याबाहेर ठेवायला सांगितले, तर तिथूनच उठावे. सर्वसाधारण मुखत्यारपत्र, ओटीपी, आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बदलून त्यांचा टाकणे, यांपैकी काहीही देऊ नये. असे केल्याने बँकेची नोटीस तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

सरळ नकार द्यावा अशा गोष्टी

‘कर्जमाफी प्रमाणपत्र’ विकणाऱ्यांबाबत रिझर्व्ह बँकेने 11 डिसेंबर 2023 रोजी जाहीर इशारा दिला होता. असे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार कोणत्याही खासगी संस्थेला नाही. शासनाची कर्जमाफी जाहीर झाली की यादीत नाव घालून देण्याचे दर गावात फिरू लागतात. 2017 आणि 2019 च्या दोन्ही योजनांमध्ये पात्रता बँकेकडच्या नोंदींवरून ठरली होती, एजंटाच्या ओळखीवरून नव्हे. ‘सिबिल साफ करून देतो’ हाही असाच धंदा. खरी थकबाकी कोणी पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा अर्ज मोफत आहे. 30 दिवसांत तिचे निराकरण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाईची तरतूद आहे.

तडजोड झाल्यावर

पैसे भरण्यापूर्वी बँकेचे मंजुरीपत्र हातात असावे आणि त्यात रक्कम, भरण्याची अंतिम तारीख आणि ‘यानंतर काहीही येणे राहणार नाही’ हे वाक्य असावे. वसुली एजंटाच्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबून एकही रुपया भरू नये आणि रक्कम कर्जखात्यातच भरावी. भरणा झाला की ना हरकत दाखला, न वापरलेले कोरे धनादेश आणि सोने किंवा घराचे कागद मागावेत. मालमत्तेचे मूळ दस्तऐवज पूर्ण परतफेडीनंतर 30 दिवसांत परत करणे बँकांवर बंधनकारक आहे आणि बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाई मिळते.

ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल असेल, तर आरटीओ कार्यालयात नोंदणी पुस्तकावरचे फायनान्स कंपनीचे नाव कमी करून घ्यावे. शेतीचे कर्ज असेल, तर दाखला घेऊन तलाठी कार्यालयात सातबाऱ्यावरील बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून इतर हक्काच्या रकान्यात बोजा खरोखर गेला आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. पारोळ्याच्या त्या जोडप्याचे पतसंस्थेचे कर्ज पुढे निबंधकांसमोर हिशेब होऊन मिटले आणि ट्रॅक्टरचा खटला तालुका समितीने दिलेल्या वकिलामार्फत तडजोडीत निघाला. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र दाखला मिळूनही आठ महिने तसाच होता, कारण तो दाखला पुन्हा त्याच पिशवीत जाऊन पडला होता.